बारा लाख तेवीस हजार दोनशे सत्तावीस

इस्पितळात नव्याने येणाऱ्या प्रत्येक माणसाला आधी एका खिडकीसमोर उभं राहावं लागे. काचेला खाली अर्धगोल भोक होतं, वर हात टेकून टेकून झिजलेली लाकडी पट्टी होती आणि आत एक बाई बसलेली असे. तिला सगळे खिडकीवाली म्हणत. डॉक्टरसुद्धा म्हणत. नाव, वय, पत्ता, काय होतंय, एवढं ती विचारी, केसपेपरवर लिही आणि मग उजव्या हाताजवळच्या लोखंडी यंत्राचा दांडा दाबी. खट्ट. कागदावर आकडा उमटे आणि यंत्रातली चाकं आपोआप एक घर पुढे सरकत. तोच आकडा पुढे त्या माणसाच्या मनगटावरच्या पट्टीवर, रक्ताच्या बाटलीवर, क्ष-किरणांच्या फोटोवर चढे. आणि वेळ आलीच, तर तळघरातल्या शवागारात पायाच्या अंगठ्याला बांधायच्या चिठ्ठीवरही.

खिडकीवालीला आकड्यांची आवड वडिलांकडून आली. वडील कारखान्यात दातेरी चाकं कापत. चाकाला साठ दाते पाडायचे तर अडचण नसे. साठाला दोनाने भाग जातो, तिनाने जातो, पाचाने जातो, चाक मोजून फिरवायच्या भोकांच्या चकतीवर कुठलं ना कुठलं भोक जुळतंच. पण कुणी एकशे सत्तावीस दात्यांचं चाक मागितलं की वडील घरी येऊन डोकं धरून बसत. "हा आकडा कुणाला आपल्यात हात घालू देत नाही," ते म्हणत. ती सहा-सात वर्षांची असेल, तेव्हापासून तिला अशा आकड्यांची भुरळ पडली. शाळेत त्यांना मूळ संख्या म्हणतात हे तिला मागाहून कळलं. ज्यांचे अवयव पडत नाहीत अशा संख्या. भाग न जाणाऱ्या. एकट्या.

लग्न झालं, खिडकीवरची नोकरी लागली, आणि ही आवड तिच्याबरोबर खिडकीत येऊन बसली. गर्दी नसली की ती यंत्रातल्या आकड्याचे अवयव पाडत बसे. नवऱ्याला गंमत वाटे. "आज किती फोडलेस?" तो संध्याकाळी विचारी. त्याची थोरली बहीण त्यांच्याकडेच राहायची. ती नाक मुरडून म्हणे, "त्यापेक्षा भांडी घासली असतीस तर बरं."

यंत्र दहा लाखांच्या जवळ आलं तेव्हा खिडकीवालीला लहान मुलीसारखी उत्सुकता लागली. दहा लाखांनंतरची पहिली मूळ संख्या कुठली? दहा लाख एकचे अवयव पडले: एकशे एक आणि नऊ हजार नऊशे एक. दहा लाख दोन तर समच. दहा लाख तीनचे मात्र काही केल्या पडेनात. तिने हजाराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहिला. जाईना. "बघू उद्या कुणाच्या वाट्याला येतो," ती नवऱ्याला म्हणाली.

सकाळी दहा लाखांचा आकडा पडणार म्हणून मुख्य कारकून टाळ्या वाजवायला स्वतः खिडकीत येऊन उभे राहिले होते. तेवढ्यात दारातून तिचा नवरा आला, पोट धरून, वाकलेला. बरोबर नणंद.

"अगं, याला आधी घे," नणंद काचेला तोंड लावून म्हणाली. "रात्रभर कळवळतोय. तुला उठवू नको म्हणाला."

मागे मुख्य कारकून उभे होते. समोर रांग होती. खिडकीवालीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने कसनुसं हसून 'असू दे' अशी मान हलवली.

"तीनच माणसं आहेत, ताई. लगेच घेते."

खट्ट. दहा लाख. नाक गळणाऱ्या एका तान्ह्या बाळाला तो मान मिळाला आणि टाळ्या ऐकून ते भोकाड पसरून रडलं. खट्ट, खट्ट. मग नवरा पुढे आला आणि दांडा दाबताना तिच्या लक्षात आलं की हा कितवा आकडा आहे. तिला तेव्हा भीतीही वाटली नाही. उलट, हा आकडा घरातच आला म्हणून क्षणभर हसूच आलं.

आतडं फुटलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून सांगितलं, की फुटून बरेच तास झाले होते, पाच-दहा मिनिटांनी काहीच फरक पडला नसता. खिडकीवालीने ते ऐकलं. नणंदेने ऐकलं नाही.

"तीन माणसं," ती म्हणाली. पुढे चार वर्षं ती हे दोन शब्द बोलत राहिली. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, मध्येच, कुणाशी न बोलल्यासारखं. घर दोघींचं होतं. एकीलाही दुसरीकडे जायला जागा नव्हती. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण नणंदेच्या या दोन शब्दांना होतं. ते रुतायचे.

खिडकीवालीच्या मनात मात्र वेगळंच काही घर करत होतं. रांग मोडून नवऱ्याला आधी घेतलं असतं, तर त्याला दहा लाखांचा आकडा मिळाला असता. दोन आणि पाच यांनी खच्चून भरलेला, कुणीही यावं आणि भाग घालावा असा मोकळा आकडा. त्याऐवजी तिने त्याला तो दिला. एकटा.

महिन्याभरात एक बाळंतीण गेली. तिचा आकडा मूळ निघाला. मग एक शिक्षक, तोही मूळ. तिच्या मनात पाल चुकचुकली. दुपारच्या सुट्टीत ती तळघराच्या जिन्यापाशी जाऊन शवागारातल्या मामांना विचारू लागली. मामा म्हणजे तिथला जुना शिपाई, चहा घ्यायला तेवढा वर येणारा माणूस. आज कोण गेलं, नंबर काय होता? मामांना आकडे पाठ असत, ते सांगत. बहुतेक आकड्यांचे अवयव पडत. ते ती विसरून जाई. ज्यांचे पडत नसत ते तिच्या डोक्यात खिळ्यासारखे बसत.

एकदा तिने मामांना मनातलं सांगून टाकलं. मामांनी कप खाली ठेवला.

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, बाई. माझ्याकडे रोज पाच-सहा जण येतात. सगळे आकडे येतात. मला काही असं दिसलं नाही."

"तुम्ही बघितलंच नसेल त्या नजरेने."

"आणि बघणारही नाही," मामा म्हणाले. "मला खाली एकट्याला बसायचं असतं."

तिने मात्र बघायचं ठरवलं, आणि त्यापुढचंही ठरवलं. दर रविवारी दुपारी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोठे कागद पसरायची. त्यावर येत्या आठवड्यात यंत्रातून येणारे आकडे ओळीने लिहायची आणि चाळायला बसायची: तिनाने भाग जाणारे खोडले, साताने जाणारे खोडले, अकराने, तेराने, असं करत अकराशेच्या आतल्या शेवटच्या मूळ संख्येपर्यंत. एखाद्या आकड्याचे दोन अवयव पडत असतील, तर त्यातला लहान अवयव त्या आकड्याच्या वर्गमूळापेक्षा मोठा असूच शकत नाही. अकराशेचा वर्ग बारा लाख दहा हजार. यंत्र अजून त्याच्या बरंच मागे होतं. म्हणून अकराशेवर थांबलं तरी चालायचं. खोडून खोडून जे उरत, ते मूळ. दर चौदा-पंधरा आकड्यांमागे एखादा उरायचा. तेवढे ती पाठ करून टाकायची.

नणंद दारातून बघे. "लोक मेल्यावर रडतात. ही गणितं करते," ती म्हणे.

खिडकीत मग असं चालू झालं. उरलेला आकडा यंत्रात पुढे आला आणि समोर छातीत कळ आलेला म्हातारा असला, की बाईचं पेन चालेनासं होई. "आजोबा, पत्ता नीट आठवून ठेवा, तोवर मागच्यांना घेते." मागे कानात मळ झालेला कुणी तरी असे, नाहीतर हाताला खरूज झालेली बाई. त्यांना तो आकडा जाई. मग आजोबांना पुढचा, चांगला. कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. उलट बाई फार समजूतदार आहे, म्हाताऱ्यांना दम खाऊ देते, असं लोक म्हणू लागले. वाईट आकडा धडधाकट माणसाला दिला तर तो पचवेल, असं तिचं गणित होतं.

एके दिवशी एक रंगारी आला. कपड्यांवर चुन्याचे शिंतोडे, पायात चिंधी गुंडाळलेली. फळीतला खिळा घुसला होता. त्याच्या पुढे धाप लागलेली एक बाई होती. खिडकीवालीने तिला बाजूला बसवलं आणि रंगाऱ्याला बोलावलं.

"काय मॅडम, माझा नंबर आधी?" तो खूश झाला. "मग लॉटरी लागेल असा द्या बरं का!"

खट्ट.

दहाएक दिवसांनी मामा चहाला आले तेव्हा तिने नेहमीप्रमाणे विचारलं. मामांनी एक आकडा सांगितला. तो ऐकताच तिला चुन्याचे शिंतोडे दिसले.

"कशाने?"

"धनुर्वात. पायात खिळा गेला होता म्हणे. जबडा उघडत नव्हता पोराचा." मामांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "काय झालं? ओळखीचा होता?"

त्या रविवारी कागद पसरून ती नुसती बसून राहिली. इतके दिवस आपण कुणाला तरी वाचवतोय असं तिला वाटत होतं. त्याची दुसरी बाजू तिने बघितलीच नव्हती: धाप लागलेली बाई वाचली, कारण आपण रंगारी निवडला. निवडला, हाच शब्द होता. तरी तिने चाळायचं सोडलं नाही. आता सोडलं, तर कोण कुठल्या आकड्यावर जातंय हे आंधळेपणाने होईल, आणि ते तिला आणखीच भयंकर वाटलं.

मग नणंद आजारी पडली. आधी दोन दिवस पोट दुखतंय म्हणाली, मग ताप चढला, डोळे पिवळे दिसू लागले. सकाळी खिडकीवाली कामाला निघाली तेव्हा नणंद भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"चला माझ्याबरोबर," ती म्हणाली.

"तू हो पुढे. मी येते माझी माझी. तुझ्याबरोबर आले काय नि नंतर आले काय, रांगेतच उभी करणार ना तू? तीन माणसं."

खिडकीवालीने पर्स उचलली आणि दार ओढून घेतलं.

नणंद आली तेव्हा गर्दी वाढलेली होती. ती रांगेच्या टोकाला उभी राहिली, एका हाताने भिंत धरून. खिडकीवालीला काचेतून दिसत होती. समोरच्या माणसाला तिने बारा लाख तेवीस हजार दोनशे सव्वीस दिला. साधासुधा आकडा, दोनानेही भाग जाणारा, नवानेही. चाकं सरकली. पुढचा आकडा रविवारी उरलेल्यांपैकी होता. अठ्ठावीसला चाराने भाग जात होता, एकोणतिसला तिनाने. मधे हाच एकटा.

खिडकीसमोर घसा बसलेला एक तरुण उभा होता. तो आकडा त्याला द्यायचा, हेच तिचं रोजचं काम.

तिने मान वर केली. "ताई," तिने हाक मारली, "रांगेत कशाला उभ्या राहता? या, पुढे या."

लोकांनी वाट करून दिली. "घ्या, घ्या, आजींना आधी घ्या," घसा बसलेला तरुण खरखरत्या आवाजात म्हणाला आणि बाजूला झाला. नणंद काचेशी आली. ती चकित झाली होती. खिडकीवालीने नाव लिहिलं, वय लिहिलं. हात थरथरत नव्हता, हे नंतर तिला आठवत राहिलं. तिने दांडा दाबला.

पित्ताशयात पू झाला होता. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया ठरली. खिडकीवाली संध्याकाळी वॉर्डात गेली तेव्हा नणंद झोपली होती; चादरीवर हात उपडा पडला होता आणि मनगटाच्या पट्टीवर तो आकडा ठळक अक्षरात होता. आकडा देईपर्यंत तिच्या डोळ्यांपुढे 'तीन माणसं' म्हणणारं तोंड होतं. आता समोर एक पिवळी पडलेली, पातळ केसांची बाई होती, जिला जगात हिच्याशिवाय कुणी नव्हतं.

ती धावत परिचारिकेकडे गेली. "सिस्टर, यांचा नंबर बदलता येईल का? नवीन केसपेपर काढून देते मी."

"का? चुकलाय का?"

"चुकला नाही. पण..."

"मग कशाला? फाईल, रक्त, सगळं त्या नंबरवर आहे. उद्या ऑपरेशन आहे, गोंधळ नको, बाई."

शस्त्रक्रियेच्या वेळी ती खिडकीत होती. लोक येत होते, ती नावं विचारत होती, दांडा दाबत होती. त्या दिवशी तिने कुणालाच मागेपुढे केलं नाही, आकडे आले तसे गेले. जिन्याकडून पावलं वाजली की ती वळून बघे. मामा चहाला वर आले, तिच्याकडे बघून थबकले आणि चहा न घेताच निघून गेले.

नणंद वाचली. ताप उतरला, डोळ्यांतला पिवळेपणा गेला, आठवड्याने ती उशीला टेकून बसू लागली. एका संध्याकाळी तिने खिडकीवालीचा हात धरला.

"त्या दिवशी तू मला पुढे घेतलंस," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सगळ्या लोकांदेखत. मी तुला चार वर्षं काय काय बोलले आणि तू... मी परत नाही बोलणार ते."

खिडकीवालीला हात सोडवून घ्यायचा होता. तिने तो तसाच राहू दिला.

नणंद वाचली म्हणजे आकड्यांचं सगळंच खोटं होतं? तसं असतं तर रडून मोकळं होता आलं असतं. पण चाळणाऱ्या माणसाला एवढ्यावर राहवत नाही. त्या रविवारी तिने तो एकच आकडा कागदावर लिहिला आणि पहिल्यापासून भाग देत गेली. अकराशेच्या आतल्या सगळ्या संख्या संपल्या, बाकी उरतच होती. ती थांबली. मग तिच्या लक्षात आलं. चार वर्षांत यंत्र पुढे गेलं होतं. बारा लाख दहा हजार कधीच मागे पडले होते. अकराशेवर थांबणं आता पुरेसं नव्हतं. त्यापुढची पहिली मूळ संख्या अकराशे तीन. तिने भाग दिला. भाग बरोबर गेला. आला अकराशे नऊ, बाकी काही नाही.

आकड्याचे अवयव पडत होते. तो मूळ नव्हताच.

ती कितीतरी वेळ त्या दोन संख्यांकडे बघत राहिली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण सुटका कशातून? तिची समजूत खोटी ठरली नव्हती. आकडा मूळ नव्हता म्हणून बाई वाचली, असंही म्हणता येत होतं. रंगाऱ्याचा आकडा मूळच राहिला, नवऱ्याचाही मूळच राहिला. फक्त भागाकारात चूक झाली म्हणून नणंद आज जिवंत होती. आणि दांडा दाबताना तिला ती चूक माहीत नव्हती.

घरी आल्यावर नणंद साफ बदलली. खिडकीवाली कामावरून आली की तिच्यासाठी चहा तयार असे. शेजारणींना, फोनवर दूरच्या नातेवाइकांना, ती एकच गोष्ट सांगे: भावजयीने कसं मला रांगेतून बोलावून घेतलं. प्रत्येक वेळी त्यात थोडी भर पडे. खिडकीवाली ते आतल्या खोलीत ऐकत बसे. शेवटी एका दुपारी, नणंद कपड्यांना इस्त्री करत होती तेव्हा, तिला ते असह्य झालं.

"ताई, ते सांगू नका लोकांना."

"का गं? खरंच आहे ते."

मग तिने सांगितलं. दहा लाख तीनपासून सगळं. नणंद आधी इस्त्री फिरवत ऐकत होती, मग हसली.

"वेडी की काय तू? आकड्याने माणूस मरतो होय?"

"नसेल मरत."

"मग झालं तर! उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस." ती पुढच्या कपड्याला हात घालत होती. मध्येच थांबली. इस्त्री तिने उभी करून ठेवली. "पण तेव्हा तुला वाटत होतं ना, मरतो म्हणून?"

खिडकीवालीने मान हलवली. हो.

नणंदेने इस्त्री बंद केली. तिने उरलेले कपडे घडी न करताच उचलले आणि आपल्या खोलीत गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला. त्या घरात आजवर कुणी आतल्या खोलीची कडी लावली नव्हती.

पुढे भांडण झालं नाही, हेच जास्त वाईट झालं. नणंदेने कुणालाही काही सांगितलं नाही. टोमणे बंद झाले, चहाही बंद झाला. ती आपलं ताट वाढून घेई आणि खोलीत जाई. खिडकीवालीने मुख्य कारकुनांना अर्ज देऊन चादरींच्या कोठारात बदली मागून घेतली. खिडकीत दुसरा माणूस आला; तो यंत्राकडे न बघता दांडा दाबतो. रविवारचे कागद तिने रद्दीत घातले. पण बसच्या पाठीवर, दुकानाच्या पाटीवर आकडा दिसला, की तिचं मन तिला न विचारता भाग द्यायला लागतं.

परवा नणंदेच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं. खिडकीवालीला ते भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. सकाळी नणंद तयार होऊन बाहेर आली, खांद्याला पिशवी, एक हात कुशीवर.

"मी येऊ का बरोबर?"

"नको."

"आपल्याच इस्पितळात चला. मी आता खिडकीत नसते."

नणंदेने चप्पल घातली. "शहराच्या पलीकडच्या टोकाला एक आहे," ती दाराकडे बघत म्हणाली. "दोन बस बदलाव्या लागतात. तिथे मला कुणी ओळखत नाही."

खिडकीवाली गॅलरीत जाऊन उभी राहिली. खाली थांब्यावर नणंद वाकून उभी होती. बस आली तेव्हा कुणीतरी तिला हाताला धरून वर घेतलं. तिने वर पाहिलं नाही.